ढेकणांचे औषध छापण्यापूर्वी

या सदराकडे वर्षभर एक मागणी येतच असते : ढेकणांवर रामबाण औषध छापा. काही वाचक स्वतःचा तोडगाही लिहून पाठवतात. त्यातले बहुतेक तोडगे मी छापत नाही. वर्तमानपत्रात आले की लोक ते खरे मानतात आणि त्याच रात्री करून पाहतात. म्हणून मी आधी पाहतो, की औषधात रसायन कोणते, ते घरात वापरण्याची परवानगी आहे का, आणि शेजारच्या खोलीत तान्हे मूल झोपले असेल तर काय होईल. डब्यावरचा त्रिकोणही बघावा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा.

धान्यात ठेवायच्या गोळीचेच घ्या. 'गादीखाली एक गोळी ठेवा, खोली बंद करा', असा सल्ला सर्रास दिला जातो. ही गोळी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतला ओलावा लागला की तिच्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. ३ ग्रॅमच्या गोळीतून सुमारे १ ग्रॅम. दाराखालून, फटींतून तो पलीकडच्या खोलीत शिरतो. मग मळमळ, उलट्या, छातीत दडपण. घरच्यांना वाटते, जेवणातून काही बाधले, आणि ते पुन्हा त्याच घरात झोपतात! या विषावर उतारा नाही. सडक्या मासळीसारखा वास प्रत्येकाला येईलच असे नाही, तेव्हा नाकावर भिस्त ठेवू नये. कायद्याने ही गोळी घरगुती वापरासाठी विकता येत नाही, तरी कुठे कुठे ती सुटी मिळते.

शंका आली तर सर्वांनी आधी मोकळ्या हवेत यावे, मग १०८ ला फोन करावा. गोळीची डबी आणायला परत आत जाऊ नये. डॉक्टरांना नाव सांगितले तरी पुरे.

ढेकणांमुळे खाज सुटते, झोपमोड होते. पण ते माणसांत रोग पसरवतात असे आढळलेले नाही. तेव्हा छापण्याजोगा उपाय आपल्या आजीचाच आहे. लोखंडी खाट अंगणात काढून तिच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे, मुलांना तेवढे लांब ठेवावे. चादरी, अभ्रे कढत पाण्यात भिजवून धुवावेत. गादीच्या शिवणी ताठ ब्रशने झाडाव्यात, भिंतीच्या भेगा बुजवाव्यात. राहिलेली अंडी फुटून पिल्ले निघतात, म्हणून आठ-दहा दिवसांनी हे सगळे पुन्हा करावे.