नाकाच्या वाटेने मेंदूच्या तळाशी

मेंदू ज्या हाडावर टेकलेला असतो, तिथवर पोचणं हीच मुळात अवघड गोष्ट. वरून जायचं तर कवटी उघडून मेंदू बाजूला सारावा लागतो. त्या हाडाच्या मधोमध, एका खोबणीत वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी बसलेली असते. तिच्या दोन्ही अंगांना मेंदूला रक्त पुरवणाऱ्या कॅरोटिड धमन्या, वर डोळ्यांच्या नसा. ग्रंथीची गाठ वाढून या नसांवर दाब आला की माणसाला समोरचं दिसतं, पण रस्ता ओलांडताना बाजूने आलेली रिक्षा दिसत नाही.

नाकावाटे या गाठीपर्यंत जाण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न १९०७ साली इन्सब्रुकमध्ये हेर्मान श्लोफर यांनी केला. त्यासाठी त्यांना नाक बाहेरून कापून बाजूला वळवावं लागलं. तीनच वर्षांनी व्हिएन्नाचे नाक-घशाचे डॉक्टर ऑस्कर हिर्श यांनी चेहऱ्याला धक्का न लावता, जागा बधिर करून, नाकपुडीतून तेच साधलं. अमेरिकेत हार्वी कुशिंग यांनी वरच्या ओठाखालून वाट काढली आणि अशा दोनशेहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. पुढे मात्र ते स्वतःच कवटी उघडण्याकडे वळले आणि त्यांच्यामागून बहुतेक सगळे वळले.

ही वाट बुजली नाही याचं श्रेय मोजक्या माणसांना आहे. कुशिंग यांच्याकडे शिकलेले नॉर्मन डॉट एडिनबरामध्ये त्याच पद्धतीने काम करत राहिले. १९५६ साली पॅरिसचे जेरार गियो यांनी ती त्यांच्याकडे पाहून उचलली, आणि गियोंकडे शिकलेल्या माँट्रियलच्या ज्यूल हार्डी यांनी तिला सूक्ष्मदर्शकाची जोड दिली. एखादं तंत्र पुस्तकात छापलेलं असलं तरी हाताखाली शिकवणारं कोणी नसेल तर ते मरतं, हे मला या इतिहासात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

दुर्बिणीचं युग नंतर आलं. हॅरल्ड हॉपकिन्स या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने नळीत काचेच्या कांड्या बसवून प्रतिमा लख्ख केली. सायनसच्या शस्त्रक्रियांत रुळलेली हीच चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण १९९०च्या दशकात पियुषिकेपर्यंत पोचली. सूक्ष्मदर्शक बाहेरून सरळ रेषेत पाहतो. दुर्बीण आत जाऊन कोपऱ्याआड पाहते. पिट्सबर्गमध्ये जो आणि काराउ या दोन डॉक्टरांनी १९९७ साली पन्नास रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. न्यूरोसर्जन आणि ईएनटी सर्जन दोन्ही नाकपुड्यांतून, चार हातांनी, एकाच पडद्याकडे बघत काम करू लागले.

पण खरी अडचण आत जाण्यात नव्हती, बाहेर पडताना दार बंद करण्यात होती. मोठ्या गाठी काढताना मेंदूचं आवरण उघडावं लागतं. मेंदूभोवतीचं पाणी मग नाकातून गळतं आणि नाकातले जंतू आत जाऊन मेंदूज्वर होऊ शकतो. मोठ्या शस्त्रक्रियांत सुरुवातीला पाचातल्या एका रुग्णाला, कधी त्याहून जास्त जणांना, ही गळती व्हायची.

उत्तर सापडलं अर्जेंटिनातल्या रोसारिओ शहरात. हदाद आणि बासागास्तेगी यांनी नाकाच्या मधल्या पडद्यावरचं अस्तर वापरलं. एक छेद पडद्याच्या तळाशी; दुसरा वर, पण वासाचं अस्तर वाचेल इतका खाली; पुढे दोन्ही जोडायचे. अस्तर हाडावरून अलगद सोडवायचं, पण मागची बाजू तोडायची नाही, कारण तिथूनच त्याची धमनी येते. ते घशाच्या वरच्या पोकळीत सरकवून ठेवायचं आणि गाठ निघाल्यावर भोकावर पसरायचं. जिवंत रक्तपुरवठा असल्याने ते लवकर धरतं. २००६ साली हे प्रसिद्ध झालं आणि गळतीचं प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलं. कवटीच्या तळाची आजची मोठी शस्त्रक्रिया उभी आहे ती या पातळ अस्तरावर, असं मी म्हणेन.

महाराष्ट्राने या कौशल्याची किंमत २०२१मध्ये पाहिली. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर मधुमेह आणि स्टेरॉइड यांच्या जोडीने काळी बुरशी फोफावली. नाकातून डोळ्यात आणि तिथून मेंदूकडे सरकणारी. ईएनटी सर्जन दुर्बिणीतून मेलेला भाग पुन्हा पुन्हा काढत होते, अँफोटेरिसिन या औषधासाठी नातेवाईक वणवण फिरत होते.

बाहेर टाका दिसत नाही म्हणून ही शस्त्रक्रिया किरकोळ समजणं धोक्याचं आहे. कॅरोटिडला इजा झाली तर काही क्षणांत दुर्बिणीपुढे फक्त रक्त दिसतं. गाठ धमनीच्या किंवा डोळ्याच्या नसेच्या पलीकडे पसरली असेल तर कवटी उघडणंच शहाणपणाचं. नाकावाटे शस्त्रक्रिया झाल्यावर काही आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं, जड उचलायचं नाही. डॉक्टर सांगतील तेव्हापासून मिठाच्या पाण्याने नाक धुवायचं. वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा थेंब पडला किंवा घशात खारट चव आली, तर सर्दी समजून घरी न थांबता त्याच दिवशी सर्जनला दाखवायचं.