हंडा पेलते, मग गुडघा का निसटतो?

कसाऱ्याकडच्या पाड्यांवर कबड्डी खेळणाऱ्या पोरींच्या आया मला हमखास ऐकवतात, "आमच्या पोरीला कसला आलाय व्यायाम? उन्हाळ्यात दोन-दोन हंडे घेऊन चढ चढते ती!" खरंच आहे. पाय बळकट आहेत, दमही आहे. पण ही ताकद वेगळी.

हंडा डोक्यावर असला की आपण सरळ, जपून पाऊल टाकतो. कबड्डीत सगळं उलटं. मुलींचं मैदान 12 बाय 8 मीटर, चढाई 30 सेकंदांची. तेवढ्यात ती धावते, एका पायावर थबकते, आडवी वळते, वर चौघी तिला ओढतात. हा झटका मांडीच्या आणि कमरेच्या स्नायूंनी झेलला नाही, तर गुडघ्याच्या आतल्या लिगामेंटवर जातो. ते तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये जास्त आहे. म्हणून पोरीला पळायला शिकवतो, तसं थांबायलाही शिकवायला हवं.

घरीच बघा. ओट्यावरून तिला दोन्ही पायांवर उडी मारायला सांगा. टेकताना गुडघे आत वळून एकमेकांकडे गेले, तर तयारी कच्ची आहे. गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून, वाकून, आवाज न करता उतरायचं. सोबत स्टुलावर सावकाश बसणं-उठणं आठ-दहा वेळा, आणि एका पायावर तोल. मग जोडीचा व्यायाम: एकीने गुडघ्यांवर उभं राहायचं, दुसरीने घोटे धरायचे, आणि पहिलीने हळूहळू पुढे झुकायचं. पहिल्या दिवशी तीनच वेळा, नाहीतर मांड्या भरून येतील! आठवड्यातून दोन-तीनदा, खेळाआधी वीस मिनिटं पुरे. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात.

आणि बायांनो, पाणी भरणं हेही शरीराला श्रमच. चार खेपा करून आलेल्या पोरीला रिकाम्या पोटी सरावाला धाडू नका. आधी भाकरी आणि उसळ, मग मैदान. त्या दिवशी एक खेप भावाने केली तर काही बिघडत नाही.

मुंबईची अभिलाषा म्हात्रे गुडघ्याच्या दुखापतीतून सावरून खेळली. 2014च्या आशियाई सुवर्ण संघात ती होती, 2015चा अर्जुन पुरस्कारही तिला मिळाला. पण त्यामागे उपचार होते, नुसती जिद्द नव्हे.

तेव्हा गुडघ्यात 'कट्' वाजलं आणि काही तासांत सूज आली, तर खेळ तिथेच थांबवा. तेल लावून चोळू नका, ओढून 'बसवून' घेऊ नका. गार फडकं ठेवा, दवाखान्यात न्या. सूज उतरली म्हणून लगेच पुढच्या सामन्याला पाठवू नका.