कोकणची बॅग नारिंगी का दिसते?

खारेपाटणहून विमान पकडायला निघालेल्या माणसाच्या बॅगेत कपडे कमी आणि खाऊ जास्त. आमसुलं, कोकम आगळाची बाटली, फणसपोळी, घरचा मालवणी मसाला, काजूगर, खाजा, आणि चार पिशव्यांत घट्ट बांधलेला सुका जवळा. पूर्वी विमानासाठी मुंबई किंवा गोव्यातलं दाबोळी गाठावं लागे. जानेवारी २०२३पासून महामार्गाने बांदा ओलांडलं की पेडण्यातला मोपा विमानतळ आहे. विमानतळ कुठलाही असो, सुरक्षा तपासणीत नेमकी हीच बॅग बाजूला घेतली जाते. लेकाकडे दुबईला पहिल्यांदाच निघालेली आई घाबरते, आपलं काय चुकलं म्हणून इकडे-तिकडे बघते. तिचं काहीच चुकलेलं नसतं. तिच्या बॅगेचं चित्र पडद्यावर नीट वाचता आलेलं नसतं, इतकंच.

परदेशी मालावर नजर ठेवणं या गावाला नवं नाही. खारेपाटणात सापडलेल्या, शिलाहार राजा रट्टराजाच्या इ. स. १००८च्या ताम्रपटात परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण, म्हणजे सोन्याचं नाणं, देवकार्यासाठी लावून दिल्याची नोंद आहे. तिथे प्रश्न जहाजामागे काय मिळणार हा होता. विमानतळावरच्या यंत्राला वस्तू कशाची बनली आहे ते हवं असतं.

बॅग पट्ट्यावरून आत गेली की तिच्यातून क्ष-किरण आरपार जातात. पलीकडे संवेदकांचे दोन थर असतात. पुढचा थर कमी ऊर्जेचे किरण टिपतो, मधे तांब्याची पातळ पट्टी असते, आणि मागचा थर जास्त ऊर्जेचे. कमी ऊर्जेचे किरण किती अडतील हे त्या पदार्थातल्या अणूंच्या अणुक्रमांकावर फार अवलंबून असतं. जास्त ऊर्जेच्या किरणांवर घनतेचा प्रभाव अधिक. दोन्ही मोजमापांच्या गुणोत्तरातून संगणक सरासरी अणुक्रमांक काढतो आणि चित्रात रंग भरतो. कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन अशा हलक्या मूलद्रव्यांचे पदार्थ नारिंगी. ॲल्युमिनियम किंवा काच हिरवी. लोखंड, तांबं निळं. किरण पार जाऊच शकले नाहीत, तिथे काळा डाग.

आता त्या आईची बॅग डोळ्यांसमोर आणा. आमसूल, मसाला, जवळा, फणसपोळी, सगळं नारिंगी. आणि अडचण अशी की बहुतेक स्फोटकंही याच चार मूलद्रव्यांची असतात. पाण्याचा सरासरी अणुक्रमांक साडेसातच्या आसपास, अनेक स्फोटकांचाही त्याच्या जवळपास. मसाल्याचे दोन किलोचे दाबून भरलेले पुडे, त्यावर आगळाची बाटली, बाजूला चार्जरच्या वायरी, असा एकमेकांवर रचलेला ढीग दिसला की पडद्यासमोरच्या जवानाला बॅग उघडायला लावण्यावाचून पर्याय नसतो. त्याच्याकडे प्रत्येक बॅगेला मोजकेच सेकंद असतात. त्यातही त्याची नजर मरगळू नये म्हणून संगणक मधूनच खऱ्या बॅगेच्या चित्रात पिस्तुलाचं किंवा स्फोटकाचं खोटं चित्र घुसवतो आणि ते त्याने ओळखलं का, याची नोंद ठेवतो. हे काम किती थकवणारं असेल याची कल्पना रांगेत उभं राहून येत नाही.

भारतात बहुतेक मोठ्या विमानतळांवर हे जवान केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे असतात. डिसेंबर १९९९मध्ये काठमांडूहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं विमान कंदाहारला पळवून नेलं गेलं, आणि फेब्रुवारी २०००मध्ये जयपूरपासून ही व्यवस्था सुरू झाली. द्रवांवरच्या बंधनामागेही असाच प्रसंग आहे. ऑगस्ट २००६मध्ये शीतपेयाच्या बाटल्यांतून द्रव स्फोटकं नेण्याचा कट लंडनमध्ये उघडकीला आला. म्हणून भारतातून आंतरराष्ट्रीय प्रवासाला निघताना हातातल्या बॅगेत द्रवाची बाटली १०० मिलिलिटरपेक्षा मोठी चालत नाही. आगळ आणि आमरस द्रवातच मोजले जातात. ते चेक-इन बॅगेत ठेवावेत. पानाच्या चंचीतला अडकित्ताही तिथेच.

सुकं खोबरं मात्र चेक-इनलाही नको. भरपूर तेल असलेलं खोबरं कोंडलेल्या जागी आपोआप तापत जाऊन पेटू शकतं, म्हणून धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत त्याला १३६३ हा स्वतंत्र क्रमांक आहे. अख्खा नारळ एरवी केबिनमध्ये नेता येत नाही. शबरीमलाच्या यात्रेकरूंना मात्र तो नेण्याची २० जानेवारी २०२५पर्यंत खास सवलत दिली गेली होती.

पॉवर बँकेचं याच्या उलट. ती हातातल्या बॅगेतच हवी. लिथियमची बॅटरी आतून बिघडली की स्वतःच्या उष्णतेने भडकत जाते. केबिनमध्ये कर्मचारी तिच्यावर पाणी ओतू शकतात, सामानाच्या कप्प्यात कुणी पोहोचू शकत नाही. मर्यादा १०० वॅट-अवर. वीस हजार मिलिअँपिअर-अवरची पॉवर बँक साधारण ७४ भरते.

बॅग पट्ट्यावरून जाते, तर प्रवासी धातुशोधक चौकटीतून. तिच्यात चुंबकीय स्पंदनं असतात. ती धातूत क्षणिक विद्युतप्रवाह जागवतात आणि चौकट तो ओळखते. म्हणून चुंबकाला न चिकटणारं सोनंही वाजू शकतं, काचेचा चुडा मात्र वाजत नाही. गुडघ्याचा सांधा बदललेला असेल तर आधी सांगावं. पेसमेकर असेल तर कार्ड दाखवून हाताने तपासणी मागावी. स्त्रियांची झडती पडद्याआड महिला जवानच घेतात.

कधी कापडाची छोटी पट्टी हातावर, बॅगेच्या हँडलवर फिरवून यंत्रात घालतात. पट्टीवरचे कण तापवून त्यांचे आयन केले जातात आणि एका नळीत विद्युतक्षेत्राने पळवले जातात. शर्यतीत हलकी होडी पुढे निघते आणि अवजड मागे राहते, तसं पोहोचायला लागलेल्या मिलिसेकंदांवरून पदार्थ ओळखला जातो. नॅनोग्रॅमभर कणही पुरतात. छातीतल्या कळेसाठी नायट्रोग्लिसरीन हे स्फोटकांतलंच द्रव्य औषध म्हणून घेणाऱ्यांच्या हातावरही ते सापडू शकतं. डॉक्टरांची चिठ्ठी खिशात असावी.

यंत्रातून गेलेला खाऊ नातवंडांना द्यावा का, असं घरोघरी विचारलं जातं. खुशाल द्यावा. अमेरिकेला जाणाऱ्या हापूसला वाशी किंवा लासलगावच्या केंद्रात किमान ४०० ग्रे इतकी किरणांची मात्रा मुद्दाम दिली जाते आणि तो आंबा तिकडे आवडीने खाल्ला जातो. बॅगेच्या तपासणीत मिळणारी मात्रा त्याच्या चार कोटीव्या भागाइतकी, किंवा त्याहूनही कमी.