एक सतरा अंकी संख्या

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या पाहा. डावीकडून वाचा किंवा उजवीकडून, ती तशीच राहते. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील स्थानसंज्ञांप्रमाणें तिचा पहिला अंक 'मध्य' स्थानीं, म्हणजे सतराव्या घरांत, बसतो. ती १११११११११ ह्या नऊ एकांच्या संख्येचा वर्ग होय.

असें कां व्हावें? गुणाकार मांडून पाहा. तीच संख्या नऊ ओळींत येते. मात्र प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते. म्हणून उजवीकडच्या पहिल्या घरांत एक १, दुसऱ्यांत दोन, असे वाढत मधल्या घरांत नऊ येतात आणि पुढें एकेक कमी होतो. हातचा कोठेंच येत नाहीं. अंकांची बेरीज ८१ होते, आणि त्या संख्येसही ८१ नें निःशेष भाग जातो.

आतां दहा एकांचा वर्ग करा: १२३४५६७९००९८७६५४३२१. मधल्या घरांत १० झाले, हातचा आला, आणि सारी रचना मोडली! नऊ उदाहरणें जुळलीं म्हणून दहावें जुळेलच असें नाहीं. ज्यानें नियमाचें कारण जाणलें, त्यालाच त्याची मर्यादा कळते.

ह्या जातीच्या संख्यांस 'डेम्लो संख्या' म्हणतात. डोंबिवली स्टेशनाचें डेम्लो हें जुनें नांव. तेथें ही कल्पना दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांस सुचली. ते देवळालीस शाळाशिक्षक होते. संशोधनास मोठें विद्यापीठच लागतें असें नाहीं. जिज्ञासा व चिकाटी मात्र अवश्य लागते.