मावशीचा ‘डिव्हिडंड’

म्युच्युअल फंडाच्या ‘डिव्हिडंड’ पर्यायातून मावशीला अधूनमधून पैसे यायचे. तिला वाटायचं, ही वरकमाई! प्रत्यक्षात ती रक्कम फंडातूनच निघते आणि तेवढी युनिटची किंमत उतरते. कधी त्यात आपलं मुद्दलही असतं.

शब्द फसवतो, हे सेबीला ठाऊक होतं. ‘लार्ज कॅप’ नाव हवं, तर किमान ८० टक्के पैसा बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्यांत हवा, असा नियम २०१७ मध्ये आला. १ एप्रिल २०२१ पासून ‘डिव्हिडंड’चंही नाव बदललं: ‘इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विड्रॉवल’. म्हणजे उत्पन्नवाटप आणि भांडवल काढणं.

नाव बोजड आहे, पण खरं आहे. ते वाचून मावशीने पहिल्यांदाच विचारलं, “म्हणजे माझेच पैसे मला?”