जनित्राचा चेंजओव्हर स्विच आणि पावसाळी ओल

बुलडाणा जिल्ह्यात पावसाळी वादळात वीज गेली की ग्रामपंचायतीचे किंवा आरोग्य केंद्राचे लहान जनित्र बाहेर काढले जाते. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवाव्या लागत असल्याने आरोग्य केंद्रास त्याची निकड विशेष. परंतु जनित्राची वायर सरळ भिंतीवरील सॉकेटमध्ये खोचणे अत्यंत घातक होय. ही वीज मीटरमधून उलट रोहित्राकडे जाते आणि तेथे तिचा दाब हजारो व्होल्टपर्यंत चढू शकतो. वाहिनी बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या तंत्रज्ञाच्या प्राणावर ते बेतते.

चेंजओव्हर स्विच हा धोका टाळतो. त्याची मूठ एका बाजूस वाहिनी, दुसऱ्या बाजूस जनित्र जोडते, मध्ये ‘बंद’. दोन्ही एकदम जोडले जाणे शक्यच नसते. फेजसोबत न्यूट्रलही तोडणारा स्विच घ्यावा.

ओल मात्र त्याची वैरीण. संपर्कपट्ट्यांवर गंज चढला की रोध वाढतो, पट्ट्या तापतात, प्रसंगी जळतात. पेटीवर पाऊस पडत नाही एवढ्याने निश्चिंत राहू नये. रात्रीच्या गारव्याने आतल्या हवेतील बाष्पाचेही दव होते. उघड्या जागी किमान आयपी ५५ दर्जाची पेटी, गळक्या भिंतीपासून दूर, बसवावी. केबल खालच्या बाजूने, ग्लँडमधूनच आत घ्यावी. वरून घेतल्यास पाणी तिच्यावरून ओघळत थेट आत शिरते. मेअखेरीस परवानाधारक वायरमनकडून, दोन्ही पुरवठे तोडून, आतील तपासणी करून घ्यावी. पेटीस कुलूप अवश्य असावे, पण किल्ली सरपंचांसोबत तालुक्याच्या गावी गेलेली नसावी!