मामंजी आले कुठून?

इरावती कर्वे १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्या. तिथल्याच प्रबंधमालेत १९५३ मध्ये आलेल्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या ग्रंथात त्यांनी नात्यागोत्याच्या रीतींवरून देशाचे चार पट्टे पाडले आणि महाराष्ट्र मधल्या पट्ट्यात घातला. उत्तरेत मामेबहीण ही बहीणच. दक्षिणेत आते-मामे भावंडांची लग्ने रीतीची. आपल्याकडे बऱ्याच जातींत मामाची मुलगी चालते, आत्याची मात्र सहसा करीत नाहीत. हे मांडताना कर्वेबाईंनी चालीरीतींइतकाच नात्यांच्या नावांचाही आधार घेतला. जुन्या घरांत सून सासूला आत्याबाई म्हणे आणि सासऱ्याला मामंजी. मुलाने मामाची मुलगी केली, तर तिची सासू ही तिची सख्खी आत्याच. आणि आत्याच्या नवऱ्याला मराठीत मामा म्हणण्याची पद्धत आहेच. दोन्ही हाका एकाच सोयरिकीत चपखल बसतात.

पण एवढ्यावर भाषेला समाजाचा आरसा ठरवून मोकळे होता येत नाही. मामेबहीण वर्ज्य मानणाऱ्या कोकणस्थ घरांतही मामंजी होतेच की! हा आक्षेप रास्त आहे. लुईस हेन्री मॉर्गन या अमेरिकन अभ्यासकाने १८७१ च्या ग्रंथात निव्वळ नातेवाचक शब्दांवरून लुप्त विवाहपद्धतींची अख्खी मालिका रचली, ती पुढे टिकली नाही. हाक शेजाऱ्यांकडून उचलता येते, रीत मोडल्यावरही ती मानाची म्हणून उरते. म्हणजे शब्द हा माग आहे, पुरावा नव्हे. तो कोण, कोणाला, कोणासमोर वापरतो हे घरोघर पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही, आणि भाषिक मानवशास्त्राचे खरे काम इथेच सुरू होते.

हे काम जुन्या वाड्यांपुरते नाही. आजच्या पुण्यात सासूसासरे आई-बाबा झाले, रिक्षावाले काका झाले, धुणीभांडी करणाऱ्या बाई मावशी झाल्या. ही नुसती सभ्यता, तिच्यात समाजशास्त्र कसले शोधायचे, असे कोणी म्हणेल. पण सभ्यतेची वाटणी सारखी नसते. ऑफिसातल्या वरिष्ठ बाईंना कोणी मावशी म्हणत नाही; तिथे मॅडमच. उलट पन्नाशीच्या मावशी पंचविशीतल्या मालकिणीला ताई म्हणतात, आणि मालकिणीला त्यात काही वावगे वाटत नाही. मावशींच्या मुलीला मात्र ती मावसबहीण म्हणत नाही.